भाड्याचा बर्फ

सोमवार, १५ एप्रिल २०२४

तिकिटं काढली तेव्हा ॲरिझोना कायोटीज हा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला एक पडेल संघ होता. मी फिनिक्सला उतरेपर्यंत तो नसल्यात जमा झाला होता. गेल्या आठवड्यात बातमी फुटली. शुक्रवारी, १२ तारखेला, एडमंटनच्या सामन्याआधी महाव्यवस्थापक बिल आर्मस्ट्राँग यांनी खेळाडूंना गोळा करून सांगितलं, की पुढच्या मोसमापासून आपला मुक्काम युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना परवा, बुधवारी.

भाचा चँडलरला राहतो. त्याची नऊ वर्षांची लेक हॉकी खेळते आणि गेली दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी घेते. ‘पॉवर प्ले’ म्हटल्यावर मी क्रिकेटकडे वळतो, तेव्हा ती कपाळावर हात मारते. इथे पॉवर प्ले म्हणजे समोरच्या संघाचा एक खेळाडू दोन मिनिटं शिक्षेच्या खोक्यात बसतो आणि तेवढा वेळ पाचांविरुद्ध चार खेळतात. गोली, म्हणजे गोलरक्षक, धरून एका वेळी सहा जण बर्फावर, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, आणि पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळालं की खेळाडू बदलायचा. एवढ्या भांडवलावर मी इथवर आलो.

या मोसमाची गोष्ट विचित्र आहे. जानेवारीत संघ प्लेऑफच्या शर्यतीत होता. जानेवारीअखेरीपासून तो सलग १४ सामने हरला. मार्चच्या पहिल्या दिवशी ओटावाविरुद्ध ती माळ तुटली खरी, पण तोवर सगळं आटोपलं होतं. आणि आता, जायचं ठरल्यावर, पोरं बरी खेळू लागलीत म्हणे. घर सोडायच्या आदल्या दिवशी नळाला पाणी यावं, तशातला प्रकार.

मंगळवार, १६ एप्रिल

भाच्यानं आज घरून काम घेतलं आणि दुपारी मला ग्लेंडेलला नेलं. चँडलर फिनिक्सच्या आग्नेयेला, ग्लेंडेल वायव्येला. मध्ये पन्नास-साठ किलोमीटर. सध्या पालो व्हर्डेची झाडं फुललीत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळाधमक सडा. बाहेर तिशी ओलांडलेला पारा. पाऊण तास गाडीत काढल्यावर भाचा म्हणाला, “मामा, आत्ता रस्ता मोकळा आहे. संध्याकाळी सहाला हाच प्रवास करून बघा.”

हा मुद्दा त्यानं उगाच काढला नव्हता. हॉकीला पैसे मोजणारी वस्ती बरीचशी पूर्वेकडे आहे: स्कॉट्सडेल, टेंपी, मेसा, चँडलर. आणि २००३ च्या डिसेंबरात संघाचं पहिलं खरंखुरं हॉकीचं घर उभं राहिलं ते पार पश्चिमेला. आधी ते स्कॉट्सडेलला, एका पडीक मॉलच्या जागेवर व्हायचं होतं. तिथे जमलं नाही. मग ग्लेंडेल शहरानं हात पुढे केला आणि बांधकामाचा मोठा भार स्वतः उचलला.

डेझर्ट डायमंड अरीना असं आता त्याचं नाव. देखणी इमारत आहे. सुमारे सतरा हजार खुर्च्या, बाहेर हॉटेलं, कारंजी, प्रशस्त पार्किंग. आम्ही गेलो तेव्हा बाहेर दोन सफाई कामगार आणि आम्ही दोघे. संघाचं नाव कुठे दिसेना. पुढच्या गाण्याच्या कार्यक्रमांच्या जाहिराती मात्र होत्या. शेजारी अमेरिकन फुटबॉलचं अवाढव्य स्टेडियम उभं आहे, त्यामुळे ही इमारत अंग चोरून बसल्यासारखी वाटते.

मी बँकेत कर्जखात्यात उभी हयात काढली. त्यामुळे मला या इमारतीतला हॉकीचा इतिहास कमी आणि खात्याचा उतारा जास्त दिसत होता. मे २००९ मध्ये तेव्हाचे मालक जेरी मोयस यांनी संघाचं दिवाळं जाहीर केलं. ब्लॅकबेरीवाले जिम बाल्सिली २१.२५ कोटी डॉलर घेऊन उभे होते, अट एकच: संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला न्यायचा. लीगला ते मान्य नव्हतं. न्यायाधीश रेडफील्ड बाउम यांनी बाल्सिलींचा देकार फेटाळला आणि शेवटी लीगनंच १४ कोटींना संघ विकत घेतला. म्हणजे स्पर्धा भरवणाराच एका स्पर्धकाचा मालक! पुढची जवळजवळ चार वर्षं असंच चाललं. तोटा भरून काढायला ग्लेंडेल शहरानं दोन मोसम दरसाल अडीच कोटी डॉलर दिले. अडीच लाखांच्या आत-बाहेर वस्तीच्या गावानं. असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी त्यावर काय शेरा मारला असता, ते इथे लिहीत नाही.

गंमत अशी, की संघाचा सर्वोत्तम मोसम याच बेवारशी काळातला. २०१२ मध्ये डेव्ह टिपेट प्रशिक्षक आणि माइक स्मिथ गोलात असताना त्यांनी गट जिंकला आणि पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. तिथे लॉस एंजेलिस किंग्जनं त्यांना गारद केलं. त्या दिवसांत इथे पांढरे कपडे घालून यायची प्रथा होती. ‘व्हाइट आउट’ म्हणतात तिला. ती मूळची कॅनडातल्या विनिपेगची. हा संघच १९९६ साली विनिपेगहून उचलून आणलेला, येताना सामानाबरोबर तीही आली.

पुढे मालक बदलत गेले. २०१५ मध्ये शहरानं करार मोडला, मग लहान मुदतीचे करार, मग २०२१ च्या ऑगस्टात शहरानं सांगितलं की या मोसमानंतर जागा मिळणार नाही. त्याच डिसेंबरात थकलेल्या कराबद्दल कुलूप ठोकायची नोटीससुद्धा. एप्रिल २०२२ मध्ये इथला शेवटचा सामना झाला. भाचा त्याला होता. “जिंकलो होतो मामा आम्ही, ५-४.” आकडा त्याला तोंडपाठ.

परतताना रहदारीत अडकलो. तो काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघून हसला.

बुधवार, १७ एप्रिल

सकाळी टेंपीतल्या प्रीस्ट ड्राइव्ह आणि रिओ सलाडो पार्कवेच्या चौकात गेलो. पर्यटकानं इथे यायचं काही कारण नाही. तारेचं कुंपण, मातीचे ढीग, आणि डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी उतरणारं विमान. जुना कचरा डेपो आहे हा, ४६ एकरांचा. याच जागेवर मालक ॲलेक्स मेरुएलो २१० कोटी डॉलरचा प्रकल्प उभारणार होते. सोळा हजारांचा अरीना, घरं, हॉटेलं, नाट्यगृह. जमीन शहराची असल्यानं लोकांचा कौल घेतला. १६ मे २०२३ ला टेंपीकरांनी तिन्ही प्रस्ताव पाडले.

आमच्याकडे अशा जागेचं काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही. मतदान सोडाच, पाटी लागल्यावर कळलं असतं. टेंपीकरांचा राग हॉकीवर नव्हता. करसवलती कशाला, विमानांच्या मार्गाखाली घरं कशाला, आणि ज्या मालकानं ग्लेंडेलचे पैसे थकवले त्याच्या हाती एवढी जमीन कशाला, असे त्यांचे सवाल होते. मला ते रास्त वाटले. पण त्या रात्रीच या संघाचा निकाल लागला होता. नंतरचे अकरा महिने नुसती मुदतवाढ.

दुपारी मिल अव्हेन्यूवर भटकलो. जुनी हेडनची पिठाची गिरणी, मागे टेकडीवर रंगवलेलं भलंमोठं ‘ए’ अक्षर, आणि कोरड्या सॉल्ट नदीत बांध घालून १९९९ मध्ये भरलेलं लांबट तळं. या गावाला नसलेलं पाणी साठवायची सवय आहे, तर मग बर्फाचं काय एवढं! लहान-मोठे कायोटीज जर्सी घालून रस्त्यावरून चालले होते. बहुतेकांच्या अंगावर ‘कचिना’. होपी आदिवासींच्या कचिना बाहुल्यांच्या धर्तीवर काढलेला कायोटी, म्हणजे इकडचा कोल्हा, विटकरी, हिरवा, जांभळा. एवढं सुंदर चिन्ह एवढ्या हरणाऱ्या संघाच्या वाट्याला यावं!

मलेट अरीना विद्यापीठाच्या आवारात आहे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं आपल्या कॉलेजच्या संघासाठी बांधलेली, देणगीदार कुटुंबाच्या नावाची. २०२२ च्या ऑक्टोबरपासून जगातल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगचा हा संघ इथे पोटभाडेकरू. खुर्च्या किती? एनएचएलच्या सामन्याला ४,६००. इतर संघांच्या अरीनात सतरा-अठरा हजार माणसं बसतात. पाहुण्या संघांसाठी इथे धड कपडे बदलायच्या खोल्याही नव्हत्या, त्या शेजारी वेगळ्या बांधाव्या लागल्या. कॅनडातल्या वर्तमानपत्रांनी याची यथेच्छ टिंगल केली.

टिंगल करणाऱ्यांनी आत बसून पाहिलं होतं का, कोण जाणे. भाच्याच्या ऑफिसातल्या एका मोसम-तिकीटवाल्यानं आम्हाला दोन जागा दिल्या होत्या, अकरावी रांग. दरवाजातून आत पाऊल टाकल्याबरोबर थंडीचा झोत आला. मी स्वेटर नेला होता, बाहेर चेष्टा झाली, आत कामाला आला. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं, त्यातून खेळवलेलं गार द्रावण, वर जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ, उणे चार-पाच अंशांवर. दोन पिरियडमध्ये झाम्बोनी नावाची गाडी येते, वरचा खरवडलेला थर तासते आणि मागे कोमट पाण्याचा हात फिरवत जाते. नातीनं बजावलं होतं, “आजोबा, झाम्बोनी बघा, मोबाइल नको.” मी बघितली.

शेजारी मेसाच्या एक बाई होत्या, साठीच्या. ग्लेंडेलच्या काळात आठवड्याच्या मधल्या सामन्यांना त्या दुसऱ्या पिरियडला पोचायच्या. इथे घरून वीस मिनिटांत येतात. “दोन वर्षं आम्हाला घराजवळ हॉकी मिळाली,” त्या म्हणाल्या, “तीही कॉलेजच्या कृपेनं.” संघ वाळवंटात चाललाच नाही, असं सगळीकडे लिहून येतंय, त्याचा त्यांना भयंकर संताप होता. त्यांच्या मते चाललं नाही ते मालकांचं.

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून बँकेतली जुनी हाडं सुखावली. लीगमध्ये पगारखर्चाला कमाल मर्यादा असते तशी किमानही असते. गरीब संघाला ती गाठायची तर असते, पण पैसे नसतात. मग कायोटीजनी काय केलं, तर जे खेळतच नाहीत अशांचे करार घेतले. कागदावर रक्कम मोठी, प्रत्यक्षात द्यायचं थोडं, वर बक्षीस म्हणून समोरचा संघ तरुण खेळाडू निवडायचे हक्क देतो. ख्रिस प्राँगर यांचा करार २०१५ मध्ये घेतला, तेव्हा ते लीगच्याच कार्यालयात नोकरी करत होते आणि त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेले. पावेल दात्स्युक रशियात खेळत होते, कागदोपत्री ॲरिझोनात. मारियन होसा, शे वेबर, याकुब व्होराचेक, सगळे तसेच. “आमच्याकडे थोर खेळाडूंची रांग होती,” बाई म्हणाल्या, “एकही स्केट न घालणारी.”

समोर एडमंटन ऑयलर्स, प्लेऑफला निघालेला तगडा संघ. त्यांचे केशरी जर्सीवाले प्रेक्षकही बरेच होते. पहिली काही मिनिटं मला पक, म्हणजे ती रबराची चकती, दिसतच नव्हता, लोक ओरडले की गोल झाला असं समजायचं. अकराव्या रांगेत एक फायदा मात्र असतो. पात्यांचा खर्रर्र आवाज, काठीवर पक आपटल्याचा, आणि काचेवर माणूस आदळल्याचा, हे सगळं छातीत ऐकू येतं. टीव्हीवर हे कळत नाही, आणि सतरा हजारांच्या अरीनात वरच्या सज्जातही कळत नसावं.

जर्सी क्रमांक ९१ ला सगळ्यांत जास्त टाळ्या. जॉश डोअन, बावीस वर्षांचा, जन्म स्कॉट्सडेलचा. त्याचे वडील शेन डोअन विनिपेगहून संघाबरोबर इथे आले, एकवीस मोसम या एकाच संघाकडून खेळले, तेरा-चौदा वर्षं कर्णधार. त्यांचा क्रमांक १९, तो निवृत्त केलेला, म्हणून पोरानं उलटा घेतला. जॉश गेल्या वर्षी याच अरीनात कॉलेजकडून खेळत होता. २६ मार्चला कायोटीजकडून पहिला सामना खेळला आणि दोन गोल मारले. तेवीस दिवसांत त्याचा संघ त्याच्या गावातून उठला.

निकाल ५-२, कायोटीज विजयी. शेवटची दोन मिनिटं सगळे उभे होते. भोंगा वाजल्यावर खेळाडू मध्यभागी आले, काठ्या उंचावल्या, आणि बराच वेळ बर्फावरच राहिले. कुणी जागचं हललं नाही. मोसमाचा हिशेब ३६ विजय, ४१ पराभव, जादा वेळेतले ५ पराभव. ७७ गुण. प्लेऑफला पुरेसे नाहीत, पण ज्या संघाला हक्काचं छप्पर नव्हतं त्याच्यासाठी वाईटही म्हणता यायचे नाहीत.

मला राहून राहून आमचं पुणं आठवत होतं. आयपीएलचा वॉरियर्स आला, २०१३ ला गेला. मग सुपरजायंट दोन मोसमांपुरता आला, २०१७ ला अंतिम सामन्यात एका धावेनं हरला, तोही गेला. गहुंज्याच्या वाटेवर कुणी डोळे पुसलेले मला आठवत नाहीत. आम्ही त्याच संध्याकाळी धोनी कुठे जाणार यावर बोलायला लागलो. इथे मेसाच्या बाई ढसाढसा रडत होत्या, आणि त्यांच्या पुढच्या रांगेतला केशरी जर्सीवाला पाहुणा त्यांना रुमाल देत होता. अठ्ठावीस वर्षांत पोरं मोठी होतात, हा फरक असावा.

गुरुवार, १८ एप्रिल

सकाळी चहाबरोबर बातमी: लीगच्या मालकमंडळानं मंजुरी दिली. रायन स्मिथ, म्हणजे बास्केटबॉलच्या युटा जॅझचे मालक, १२० कोटी डॉलर देणार. त्यातले १०० कोटी मेरुएलोंना, वरचे २० बाकीच्या मालकांत वाटणार. मी कागदावर मांडून पाहिलं. २००९ मध्ये १४ कोटींना घेतलेला, बहुतेक वर्षं तोट्यात गेलेला, घर नसलेला संघ पंधरा वर्षांत साडेआठ पट. संघ हरत होता, मालमत्ता जिंकत होती. ग्लेंडेलच्या करदात्याला त्यातलं काय मिळालं, हे विचारायला कुणी उरलेलं नाही.

नाव, चिन्ह आणि पाच वर्षांत पुन्हा संघ उभा करायचा हक्क मेरुएलोंकडेच राहिला. त्यासाठी उत्तर फिनिक्समधली सरकारी जमीन ते जूनमधल्या लिलावात घेणार होते. तीही दुपारी बघून आलो: हमरस्त्याला लागून झुडपं आणि मोकळी माती, बघण्यासारखं खरंच काही नाही. (हे टिपण नीट लिहून काढेपर्यंत राज्याच्या जमीन खात्यानं तो लिलाव रद्द केला आणि जून संपायच्या आत मेरुएलोंनीही हात झटकले.)

संध्याकाळी नातीचा सराव, चँडलरच्या आइस डेनमध्ये. मला वाटलं होतं, आज रिंक ओस असेल. पाच-सहा वर्षांची पोरं हेल्मेटसकट धडाधड पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. बाकावर तेलुगू, तमिळ, स्पॅनिश, सगळं ऐकू येत होतं. टोरंटोचा ऑस्टन मॅथ्यूज हा आजच्या काळात सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांपैकी एक, स्कॉट्सडेलमध्ये वाढला आणि लहानपणी कायोटीजचे सामने बघून या खेळाच्या नादी लागला. २०१६ च्या निवडीत सगळ्या जगातून पहिला. बर्फाच्या देशांनी ज्या गावाची टिंगल केली, त्या गावानं हा त्यांना दिला.

“आता तू कुणाची?” मी नातीला विचारलं. तिनं बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं, की युटाची तर नाहीच नाही, आणि वेगसचीही नाही, कारण तिच्या वर्गातला एक आगाऊ मुलगा वेगसचा आहे. बाकीच्यांचा विचार चालू होता. तिचे बाबा म्हणाले, “मामा, तिचं सोडा, मी काय करू? मला मंगळवारच्या रात्री काय करतात तेच आठवत नाही.”

शुक्रवार, १९ एप्रिल

विमान दुपारचं. जाता जाता डाउनटाउनमधल्या बास्केटबॉलच्या अरीनाला चक्कर मारली, कारण संघाचं इथलं पहिलं घर तेच. आज तिथे सगळीकडे फिनिक्स सन्सचे झेंडे, उद्यापासून त्यांचे प्लेऑफ. हॉकीचा कुणाला पत्ता नाही.

१९९६ ला विनिपेगहून आल्यावर संघ इथे उतरला, तोच मुळी दुसऱ्याच्या घरात. बास्केटबॉलचं मैदान आखूड असतं, हॉकीचा रिंक लांब, साठ मीटरच्या वर. रिंक बसवला तर एका बाजूच्या खुर्च्या अक्षरशः त्याच्यावर लोंबकळू लागल्या, आणि हजारो जागांवरून जवळचा गोल दिसेना. स्कॉट्सडेल, ग्लेंडेल, दिवाळं, कचरा डेपो, हे सगळं रामायण या न दिसणाऱ्या गोलपासून सुरू झालं.

(नंतर घातलेली भर:) सॉल्ट लेक सिटीत संघ डेल्टा सेंटरमध्ये गेला. तेही बास्केटबॉलसाठीच बांधलेलं. दोन्ही गोल नीट दिसतील अशा खुर्च्या तिथे सुरुवातीला सुमारे अकरा हजारच निघाल्या. उरलेल्यांतल्या काही हजार ‘एकच गोल दिसेल’ असं आधीच सांगून स्वस्तात विकल्या गेल्या. मग स्मिथ यांनी नूतनीकरण काढलं.